हबीब सरांची लाथ

हबीब सर पायाळू होते. जन्माला येताना ज्याचे पाय आधी बाहेर येतात तो पायाळू. अशा माणसाचा पाय लागला की पाठीत भरलेली उसण उतरते, असं आमच्याकडे मानतात. आष्टीत आणि आसपासच्या गावांत सरांची पहिली ओळख हीच होती. ते एका शाळेत व्यायामशिक्षक होते, जिल्ह्याच्या बेसबॉल संघाच्या निवड समितीवर होते, या गोष्टी त्यानंतरच्या. गेल्या उन्हाळ्यात ते गेले तेव्हा आमच्या वर्तमानपत्रात आम्ही चार ओळींची बातमी छापली. तीत फक्त त्यानंतरच्या गोष्टी होत्या.

उंच, खांद्यांत किंचित वाकलेला माणूस. पांढरा शर्ट, करडी पँट, पायात कॅनव्हासचे बूट. मी त्यांना कधी घाईत पाहिलं नाही, आणि ताजंतवानंही कधी पाहिलं नाही. मैदानावर पोहोचले की आधी सावली शोधायचे, मग पाण्याची टाकी, मग खेळाडू.

उसण भरलेला माणूस दारात आला की आतून सरांच्या पत्नीचा, भाभींचा आवाज यायचा, "अजी, देखो, कोई कमर पकडके खडा है." सर हातातलं काम ठेवून उठायचे. नळावर उजवा पाय धुवायचे. माणसाला ओसरीत पालथं झोपवायचे, पुटपुटत बिस्मिल्ला म्हणायचे, आणि टाच पाठीला तीनदा हलकेच लावायचे. याला सगळे लाथ म्हणत. आलेला माणूस आपल्या देवाचं नाव घ्यायचा. मग सर पुन्हा पाय धुवायचे. पैसे घेत नसत. उठलेला माणूस पाया पडायला वाकला की दोन पावलं मागे सरायचे.

"राहू द्या. आत्ताच लाथ खाल्ली तुम्ही माझी."

तुमचा स्वतःचा विश्वास आहे का, असं मी एकदा विचारलं होतं.

"उसण तीन दिवसांत आपोआप जाते," ते म्हणाले. "पहिला दिवस लोक शेकून बघतात. दुसऱ्या दिवशी गोळी खातात. तिसऱ्या दिवशी माझ्याकडं येतात."

पण ते कुणाला नाही म्हणत नसत. अपवाद एकच होता. खेळाडूला पाय लावायचा नाही. मैदानावर कुणाचा पाय मुरगळला आणि कुणी चेष्टेत "सर, एक लाथ द्या" म्हटलं तरी त्यांचा चेहरा बदलायचा. "गावाला लाथ. खेळाडूला डॉक्टर," एवढंच बोलायचे.

बेसबॉल आमच्या जिल्ह्यात शाळांच्या स्पर्धांमुळे आला आणि स्पर्धांपुरताच राहिला. प्रेक्षक नसत. आष्टीच्या बाजारात लोक सरांना थांबवून विचारायचे, "काय सर, तुमचं बेसनबॉल कसं चाललंय?" सर तितक्याच गंभीरपणे सांगायचे, "पीठ कमी पडून राह्यलं."

मी जालन्याच्या कार्यालयात खेळाचं पान सांभाळत होतो. सामन्यांचे निकाल सर स्वतः आणून द्यायचे, वहीच्या आखीव कागदावर, निळ्या शाईत. हरलेल्या संघाची नावं आधी लिहिलेली असत. मी ती उलटी करून छापायचो. त्यांनी कधी तक्रार केली नाही आणि कधी क्रमही बदलला नाही. एकदा मी कारण विचारलं. "जिंकलेल्यांची नावं तुम्ही छापताच. जागा कमी पडली तर खालून कापता ना?" ते खरं होतं.

खेळाडू शोधायची त्यांची रीत वेगळी होती. सामन्यात शोधून उपयोग नाही, सामन्यात सगळे घाबरलेले असतात, असं ते म्हणत. बांधकामावर विटा झेलणारे, आठवडी बाजारात टेम्पोतून कोबीचे गड्डे फेकणारे, राजूरला चतुर्थीच्या गर्दीत डोक्यांवरून नारळ पलीकडच्या दुकानदाराला टाकणारे, अशांसमोर ते उभे राहायचे. हाताकडे पाहायचे नाहीत, खांद्याकडे पाहायचे. नव्वद टक्के वेळा काही न बोलता पुढे जायचे. पिचर, म्हणजे बेसबॉलमधला चेंडू फेकणारा, घडवता येत नाही, तो कुठंतरी आधीच फेकत असतो, असं त्यांचं मत होतं. निवड समितीच्या कामाबद्दल मात्र ते उत्साहानं बोलत नसत. "निवड म्हणजे काय, उरलेल्यांना न्हाई म्हणायचं काम. ते मी करून राह्यलो, बास."

कैलास त्यांना असाच सापडला.

सर भोकरदनहून जालन्याकडे येत होते. एसटी केदारखेड्याला थांबली. कैलास त्याच्या मावशीला गाडीत बसवायला आला होता. मावशी पिशवी आत ठेवून पाण्याची बाटली भरायला खाली उतरली, आणि कंडक्टरनं डबल बेल दिली. गाडी साठ-सत्तर पावलं पुढे गेली असेल. कैलासनं आधी हाक मारली, मग खाली वाकून ढेकूळ उचललं आणि फेकलं. गाडीच्या मागच्या लोखंडी शिडीवर ते फुटलं. मागच्या बाकावर बसलेले सर दचकले. गाडी थांबली.

कंडक्टर खाली उतरून ओरडायला लागला, "सरकारी गाडीला दगड मारतो का बे?"

"दगड न्हाई साहेब, ढेकूळ मारलं," कैलास म्हणाला. "दगडानं पत्रा गेला असता."

तेवढ्यात सरही खाली उतरले. "कुठं मारायचं होतं?"

त्याला वाटलं हेही भांडायलाच आलेत. "शिडीला."

"शिडीला कुठं?"

"तिसऱ्या पायरीला."

सरांनी शिडी पाहिली. तिसऱ्या पायरीवर माती होती. त्यांनी शेतातून दुसरं ढेकूळ आणलं आणि त्याच्या हातात दिलं. "चौथ्या पायरीला मार."

"अहो, गाडी सोडायची का न्हाई मला?" कंडक्टर म्हणाला. "तुम्ही मोठे माणसं हायत, तुम्ही तर समजून घ्या."

कैलासनं मारलं. चौथ्या पायरीवर माती उडाली. मावशी चढली, कंडक्टरनं रागात बेल दिली, आणि सर खालीच राहिले. त्या दिवशी ते पुढच्या गाडीनं जालन्याला आले. कार्यालयात येऊन त्यांनी मला हे सांगितलं तेव्हा त्यांच्या पिशवीत त्या ढेकळाचा एक तुकडा होता. तो त्यांनी वजन करायला आणला होता.

त्या वेळी कैलास विशीत होता. वडील नव्हते. आई कौसाबाई, दोन म्हशी, थोडं शेत. राज्याच्या संघात निवड झाली आणि वरच्या पातळीवरचं प्रमाणपत्र मिळालं, की खेळाडूंसाठी राखीव असलेल्या जागेवर सरकारी नोकरीचा अर्ज करता येतो. सरांनी पहिल्याच भेटीत कौसाबाईंना हे समजावून सांगितलं. वयाची अट होती, म्हणून हाताशी तीनच वर्षं होती. बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "आन् ह्यो फेकणार काय? चेंडूच ना? मंग लागंन नोकरी."

पहिल्या वर्षी चाचणीच्या दहा दिवस आधी कैलासचं बोट कडबा कुट्टीत गेलं. नशिबानं नखावर निभावलं, पण चेंडू धरता येईना. दुसऱ्या वर्षी ठिबकचे पाइप खांद्यावर घेऊन बांध उतरताना घोटा मुरगळला आणि महिनाभर प्लास्टर राहिलं. सरांनी इतकी वर्षं अनेक खेळाडू पाहिले होते, पण याच्याइतका फेकणारा आणि याच्याइतका मोडणारा एकाच अंगात पाहिला नव्हता. ते केदारखेड्याला जाऊन कौसाबाईंपुढे बसले.

"ताई, एक वर्ष ऱ्हायलं. त्याला खुरपं द्या, पाणी द्यायला लावा. कुट्टीला तेवढं पाठवू नका."

"मंग म्हशींना काय घालू सर? तुमचं सर्टिफिकेट?"

सर हसले नाहीत. परत येताना त्यांनी कुट्टीच्या मशीनला मापाची लाकडी ढाल करून घेतली आणि एसटीच्या टपावर टाकून पाठवली. ती बसवली की नाही, हे मला माहीत नाही.

तिसऱ्या वर्षी त्यांनी नियम घातला. दिवसाला साठ फेकी, एकही जास्त नाही. सराव ते स्वतः घ्यायचे. आठवड्यातून चार दिवस आष्टीहून दोन गाड्या बदलून केदारखेड्याला जायचे. उजव्या खिशात साठ चिंचोके असत. एक फेक झाली की एक चिंचोका डाव्या खिशात. उजवा खिसा रिकामा झाला की चेंडू काढून घ्यायचे. कैलास म्हणायचा, "सर, हात आत्ता कुठं गरम झालाय." सर म्हणायचे, "गरम झाला म्हणूनच."

सर नसलेल्या तीन दिवसांत कैलास गावातल्या पोरांपुढे, पैज लावून, पाण्याच्या टाकीवरच्या झाकणाला चेंडू मारायचा, हे सरांना फार उशिरा कळलं. तोवर कोपर आतल्या बाजूनं दुखायला लागलं होतं. जालन्याच्या डॉक्टरांनी तपासलं आणि सांगितलं, सहा आठवडे चेंडूला हात लावायचा नाही. राज्य संघाची चाचणी नवव्या दिवशी होती.

चाचणीच्या दोन दिवस आधी मी आष्टीच्या बाजाराची बातमी करायला गेलो होतो. जिल्ह्यातून जाणाऱ्यांची यादी घ्यायला दुपारी सरांकडे डोकावलो. ओसरीत कौसाबाई आणि कैलास बसले होते. यादी सरांच्या हातात होती. कैलासचं नाव तीत होतं, पण नावापुढची जागा रिकामी होती. तिथं सरांनी 'तंदुरुस्त' लिहून सही करायची होती.

कौसाबाई म्हणाल्या, "सर, लाथ मारा."

"खेळाडूला न्हाई मारत मी, ताई."

"सगळ्या मुलखाला मारता. आम्हीच काय केलं?"

"हे उसण न्हाई. आतली शीर हाय. डॉक्टरनं सांगितलं ना."

"डॉक्टरनं सहा हप्ते सांगितले. परवा काय डॉक्टर फेकणार हाय का?"

कैलास उजवं कोपर डाव्या तळहातात धरून बसला होता. भाभी दारात उभ्या होत्या. त्या हळूच म्हणाल्या, "लगा दो जी. दूर से आए बिचारे."

सरांनी यादी बाजूला ठेवली. मग उठले, नळावर गेले आणि पाय धुतला. कैलासला हात जमिनीवर सरळ ठेवायला सांगितला. टाच कोपराला तीनदा लावली. कौसाबाईंनी राजूरच्या गणपतीचं नाव घेतलं. कैलासनं हात दुमडला, उघडला, आणि म्हणाला, "हलकं वाटून राह्यलं, सर."

सरांनी यादीवर 'तंदुरुस्त' लिहून सही केली आणि कागद माझ्याकडे दिला. त्यांनी दुसऱ्यांदा पाय धुतला नाही, हे माझ्या लक्षात आलं.

चाचणी जालन्यात झाली. बाहेरून तीन निवडकर्ते आले होते. त्यांच्यातले मुख्य म्हणजे टोपी घातलेले, मितभाषी, साठीचे गृहस्थ. प्रत्येक पिचरनं चाळीस फेकी करायच्या होत्या. सर बाजूला खुर्चीवर होते, एक हात खिशात.

कैलासनं त्या दिवशी जे केलं ते मी पुन्हा पाहिलेलं नाही. झेलणारा जिथं हातमोजा धरेल तिथं चेंडू जात होता. दहाव्या फेकीनंतर बाकीचे खेळाडू आपापलं काम सोडून जाळीपाशी आले. पंधराव्यानंतर टोपीवाल्यांनी वहीत लिहिणं थांबवलं आणि नुसते पाहत राहिले. झेलणाऱ्यानं हातमोजा काढून तळवा झटकला. कैलास हसत होता. कौसाबाई कुंपणापाशी पदर तोंडाला लावून उभ्या होत्या.

तेविसाव्या फेकीनंतर सर उठले. "बास करा."

टोपीवाल्यांनी वळून पाहिलं. "का हो?"

"कोपर दोन बोटं खाली आलं त्याचं. दुखून राह्यलं."

मला काही दिसलं नव्हतं. चेंडूचा वेग तोच होता. निवडकर्त्यांनी कैलासला जवळ बोलावलं.

"दुखतं का रे?"

"न्हाई सर."

"परवा दुखत होतं," हबीब सर म्हणाले.

"परवाचं परवा गेलं. तुम्ही लाथ मारली ना."

"लाथ?" टोपीवाल्यांनी विचारलं. कुणीतरी त्यांना पायाळूची गोष्ट सांगितली. जाळीपाशी हशा पिकला. टोपीवालेही हसले, पण त्यांच्या हातात वही होती आणि यादीवर सरांची सही होती. "सर, 'तंदुरुस्त' असं तुम्हीच लिहिलंय. आता मला एकच सांगा. लाथ लागू पडली की नाही? मी काय लिहू?"

सर म्हणाले, "लाथेत काही नसतं."

कैलासचं हसू गेलं. तो सरांकडे पाहत म्हणाला, "मंग मारली कशाला?"

सर निवडकर्त्यांकडे वळून म्हणाले, "अनफिट लिहा. फेकत राह्यला तर हात जाईन त्याचा." वही त्यांच्यापुढे आली आणि त्यांनी त्या ओळीखाली सही केली. कैलास चेंडू खाली ठेवून कुंपणाकडे चालत गेला. पुढच्या वर्षी तो वयाच्या अटीत बसणार नव्हता.

मी बातमी दिली. कैलासबद्दल एकच वाक्य होतं: दुखापतीमुळे तो चाचणी पूर्ण करू शकला नाही. दोन दिवसांनी सर कात्रण घेऊन कार्यालयात आले.

"हे बराबर न्हाई. 'दुखापतीमुळे' न्हाई. निवड समितीच्या सदस्यानं थांबवल्यामुळे, असं पाहिजे. दुरुस्ती छापा."

मी म्हणालो, एवढ्याशा बातमीची दुरुस्ती छापत नाहीत.

"माझं नाव टाका, मंग मोठी होईन."

दुरुस्ती छापली गेली नाही. पाणी पिऊन ते उठले. दारात थांबून म्हणाले, "दोनातली एकच चूक करायला पाहिजे होती. पाय लावला होता तर गप बसायचं. न्हाईतर पाय लावायचा न्हाई. मी दोन्ही केल्या."

त्यानंतर त्यांनी पाय लावणं बंद केलं. लोक येत राहिले. सर ओसरीतूनच सांगायचे, यात काही नसतं, शेका, आराम करा. लोकांना हे आवडलं नाही. एका म्हाताऱ्यानं त्यांना माझ्यासमोरच सुनावलं, "काही नसू द्या हो. इतकी वर्षं नव्हतंच ना? पाय लावायला तुमचं काय जातं?" सरांनी त्याला चहा दिला. तो कमरेवर हात ठेवून, चहा न पिता निघून गेला. निवड समितीचंही काम त्यांनी सोडलं. राजीनाम्याचं कारण 'गुडघे' असं लिहिलं होतं. ते पूर्ण खोटं नव्हतं.

कैलासच्या कोपराचं काय झालं असतं, हे कुणालाच सांगता येत नाही. मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, शीर तुटली असती किंवा नसती. हेच मी सरांना सांगितलं. ते म्हणाले, "हे मला त्या दिवशीही माहीत होतं."

सरांसोबत शेवटचा गेलो तो केदारखेड्याला. राजूरला बातमीसाठी निघालो होतो. सर जालन्यात लेकीकडे आलेले होते. "पुढं केदारखेड्यापर्यंत चला," म्हणाले आणि माझ्या मोटरसायकलवर मागे बसले. गावाच्या अलीकडे मोसंबीची तोड चालू होती. रस्त्याच्या कडेला पिकअप उभी होती आणि कैलास प्लास्टिकची कॅरेटं भरून वर चढवत होता. आता तो तिशीकडे झुकला होता आणि एका व्यापाऱ्याकडे मालाच्या भरतीचं काम पाहत होता. कॅरेटं खांद्याच्या वर, चौथ्या थरावर जात होती. सर गाडीवरून उतरून तिथंच उभे राहिले. तो काम करताना त्यांनी किती वेळ पाहिलं ते मी मोजलं नाही.

त्यानं आम्हाला पाहिलं, हात पुसले आणि जवळ आला. सरांच्या पाया पडायला वाकला. या वेळी सर मागे सरले नाहीत.

"माय कशी हाय?"

"बरी हाय. घरी हाय." चला घरी, असं तो म्हणाला नाही.

"हात कसा हाय?"

कैलासनं उजवा हात वर नेला, खांद्यातून मागे फिरवला, कोपर दुमडलं, उघडलं. "बराबर हाय, सर. तुम्ही लाथ मारली त्या दिवसापासून एकदाबी दुखला न्हाई."

"बरं झालं."

"हो," कैलास म्हणाला. "तेच तर."

सरांनी त्याचा हात आपल्या हातात घेतला. अंगठ्यानं कोपराच्या आतल्या बाजूला दाबलं. "इथं?"

"न्हाई."

अंगठा थोडा खाली गेला. "इथं?"

"न्हाई, सर."

"इथं?"

पिकअपवाल्यानं दोनदा हॉर्न दिला. सर बोटभर अंतर सरकत दाबत होते, आणि कैलास हात सोडवून न घेता, रस्त्याकडे पाहत, न्हाई म्हणत होता.